झाकणाचा आतला कोपरा

सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी स्वतः आखलेली पहिली वस्तू म्हणजे फवारणीच्या पंपाचं झाकण. काळं, तळहातापेक्षा थोडं मोठं, आतून आटे असलेलं. पंप पाठीवर घ्यायचा, औषध टाकीत ओतायचं आणि वरून हे झाकण फिरवून घट्ट बसवायचं. त्यात विशेष काही नव्हतं. पण त्याच्या कागदावर खाली कोपऱ्यात माझी सही होती, आणि त्या सहीचा मला फार अभिमान होता.

परभणीच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा निम्मे भूखंड रिकामेच होते. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. प्लास्टिकच्या वस्तू ओतायची हातानं दाबायची दोन यंत्रं, एक विजेवरचं, आणि मागच्या बाजूला लोखंड तासायची लेथ ठेवलेली खोली. कंगवे, बादलीच्या मुठी, विजेच्या बटणांच्या पेट्या असा माल निघायचा. मी औरंगाबादला साचे बनवायचं शिक्षण घेऊन आलो होतो. मालकांनी माझं गाव विचारलं. झरीच्या पुढचं नाव सांगितल्यावर आडनाव विचारलं. आडनाव ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ड्रॉइंग येतं ना? मग ये उद्यापासून." त्या काळात एवढंही पुष्कळ होतं.

आम्ही गाव सोडलं होतं अठ्ठ्याहत्तर साली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्हाभर आमची घरं पेटली. आमच्या वस्तीतली चार घरं जळाली, त्यात एक आमचं. त्या आठवड्यात वडील आम्हाला घेऊन परभणीला आले आणि पुन्हा गावात राहायला गेले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, मात्र तिथंच राहिले. काकांचं म्हणणं सरळ होतं. "समदेच गेलो तर तेनला पायजे तेच झालं." घरावर नवे पत्रे टाकले आणि पूर्वी ज्यांच्या शेतात कामाला जायचे त्यांच्याच शेतात पुन्हा जायला लागले. त्या शेतकऱ्याबद्दल मी एकदा रागानं विचारलं, तर म्हणाले, "त्यो त्या दिवशी दार लावून बसला व्हता. पेटवाया बी आला न्हाई, इझवाया बी आला न्हाई."

झाकणाचं काम मालकांनी कुठूनतरी आणलेल्या एका पंपावरून सुरू झालं. कापसाच्या संकरित जाती आल्या होत्या, त्यांच्यामागून किडी आल्या, आणि गावोगाव पाठीवरचे पंप दिसायला लागले होते. मालकांनी ठरवलं, टाकी बाहेरून आणायची, बाकीचे भाग इथं बनवायचे आणि पंप आपल्या नावानं विकायचा. झाकण, गाळणी आणि दांड्याची मूठ माझ्याकडे आली.

प्लास्टिकची वस्तू आखणं म्हणजे तिचा आकार काढणं नव्हे, हे बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून घुसतं, थंड होतं, आक्रसतं, आणि मग ते साच्यातून न मोडता बाहेर आलं पाहिजे. म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. जाडी सगळीकडे सारखी ठेवावी लागते, नाहीतर जाड जागा उशिरा थंड होते आणि वर खळगा पडतो. आणि आतला कोपरा कधीही काटकोनात सोडायचा नाही, त्याला गोलाई द्यायची. आमचे शिकवणारे सर फळ्यावर दोन भिंती काढायचे, त्या भेटतात तिथं खडूनं छोटी कमान काढायचे आणि म्हणायचे, "इथं धार ठेवलीत तर वस्तू कुठून फुटायची ते तुम्हीच ठरवून दिलं असं समजा."

मी गोलाई दिली होती. माझ्या पहिल्या कागदावर ती आहे.

साचा तयार झाला, पहिली झाकणं निघाली, आणि ती गळायला लागली. कारण झाकणाच्या आत छताला लागून रबराची एक चकती बसते. टाकीचं तोंड त्या चकतीवर दाबलं जातं तेव्हा औषध अडतं. मी दिलेल्या गोलाईवर चकतीची कड चढत होती, चकती सपाट बसत नव्हती. खरं तर चकती थोडी लहान घ्यायची होती, किंवा तिची कड तासायची होती. पण चकत्यांचं पोतं आधीच आलेलं होतं. मालक चकती बोटात फिरवत म्हणाले, "रबर आपल्या हातात नाही. लोखंड आपल्या हातात आहे. तुझ्या साच्यात काय करता येतं ते बघ."

मी बघितलं. साच्याच्या आतल्या ठोकळ्याची वरची कड गोल होती. तो ठोकळा लेथवर लावून वरचा थर उतरवला की कड काटकोनात येणार होती. उतरलेल्या उंचीइतका पत्रा खाली घातला की बाकी मापं तशीच राहणार होती. मी मालकांना म्हणालो, "कोपऱ्याला धार येईल."

"फुटेल का?"

"फुटू शकतं."

"पाणी भरून बघ."

अर्ध्या दिवसात मी कड काटकोनात आणली. नवी दहा झाकणं काढली, टाकीवर आवळली, पाणी भरून टाक्या दोन दिवस उलट्या ठेवल्या. थेंबसुद्धा आला नाही. कागदावरची गोलाई मी रबरानं खोडली आणि तिथं काटकोन काढला. कुणी माझा हात धरला नव्हता. काम अडलं होतं, ते सुटलं, आणि मला बरं वाटलं.

पुढे दोन हंगाम पंप खपले. झरीला, सेलूला, गंगाखेडला दुकानांत टांगलेले दिसायचे. बसमधून जाताना दुकानाबाहेर आमचं काळं झाकण दिसलं की मी मान वळवून बघायचो.

काका एकदा परभणीला आले असताना मी त्यांना कारखान्यात नेलं. यंत्राचं तोंड उघडून झाकण खाली पडलं, ते त्यांनी उचललं. गरम होतं, त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात टाकत थंड केलं. "हे तू केलं?"

"मी आखलं. साचा आम्ही तिघांनी केला."

त्यांनी झाकण खिशात घातलं. गावात गेल्यावर त्यांनी ते शेतकऱ्याला दाखवलं आणि त्याच्या मागं लागून त्याला आमचाच पंप घ्यायला लावलं. हे मला नंतर कळलं. त्यांच्या डोळ्यांसमोर आमचं घर जळालं होतं. त्या गावात, त्या शेतकऱ्याच्या घरात, आमच्या पोरानं बनवलेली वस्तू खुंटीला लटकावी, असं त्यांना वाटलं असणार. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, हा माझा अंदाज आहे.

तो दिवस रविवार होता. मी दुपारी घरी जेवत होतो. गावाकडचा एक माणूस सायकल दारात टाकून आत आला आणि वडिलांना म्हणाला, "धाकल्याला दवाखान्यात आणलंय. औषध चढलं म्हणायलेत."

आम्ही दोघं धावत सरकारी दवाखान्यात गेलो. काका खाटेवर होते. तोंडातून लाळ वाहत होती, अंगाला इतका घाम की चादर भिजली होती. छातीतून घरघर येत होती. डोळे उघडे होते, पण बाहुल्या इतक्या बारीक झाल्या होत्या की ते कुणाला बघतायत हे कळत नव्हतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा इंजेक्शन देत होते. काकी खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळत होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं पाय गरम ठेव म्हणून.

वडील आत थांबले. मी बाहेर आलो तर व्हरांड्यात तो शेतकरी उभा होता. त्यानंच काकांना बैलगाडीतून झरीपर्यंत आणि तिथून जीपनं इथपर्यंत आणलं होतं. त्याच्या सदऱ्याला सगळीकडे औषधाचा वास येत होता. त्यानं मला ओळखलं.

"तू कारखान्यात हाय ना?" म्हणाला.

"हो."

त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. आमचं झाकण होतं. त्याला एक चिंधी बांधलेली होती, ओली आणि पिवळी.

"कालपासून गळायलं व्हतं," तो म्हणाला. "काल मी म्हणलो, पंप ठिव, पाठ वली दिसायली. तर म्हणला, गळत न्हाई, घाम हाय. आज बी तेच. मी बांधावर व्हतो. वाकून वाकून मारायलाय, मधीच खाली बसला. जाऊन बघतो तर झाकनाला चिंधी बांधलेली. सदरा काढला तर समदी पाठ लाल."

"त्यांना माहीत होतं?"

"मग चिंधी कोन बांधली?" तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "तुजं नाव खराब व्हईल म्हणून बोलला नसंल. मला म्हणायचा, आमच्या पोराचं काम हाय, दहा वर्सं बगायचं काम न्हाई."

मी चिंधी सोडली. तडा कुठं असणार हे सोडायच्या आधीच माहीत होतं. छत आणि भिंत भेटतात त्या कोपऱ्यातून तो निघाला होता आणि कोपऱ्याकोपऱ्यानं, जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरला होता. जिथं मी रबरानं गोलाई खोडली होती, बरोबर तिथून. झाकण हातात उलटं धरून मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मग समजलं की पाण्यानं तपासून काहीच कळणार नव्हतं. औषध पाण्यात कालवलेलं असलं तरी मुळात ते तेलासारख्या द्रावणात असतं. ते दोन हंगाम त्या धारेत मुरत, प्लास्टिक कमजोर करत राहिलं. त्यात झाकण रोज घट्ट आवळलं जायचं, कारण आत विष आहे म्हटल्यावर माणूस घट्टच आवळणार.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. मातीला तो शेतकरी आला होता. आमच्या वस्तीत तो पहिल्यांदाच आला, आणि कुणी त्याला बस म्हणालं नाही, आणि कुणी जा असंही म्हणालं नाही. तो शेवटपर्यंत लिंबाखाली उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि फुटकं झाकण मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना काकांचं आधीच कळलं होतं. त्यांनी झाकण उचललं नाही, नुसतं बघितलं.

"जास्त आवळलं असेल," ते म्हणाले.

"आवळणारच. आत विष आहे."

"पाण्यानं तपासलं होतंस ना तू?"

"पाण्यानंच तपासलं होतं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. वाईट माणूस नव्हता तो. माझ्या काकांच्या मातीला यावं की नाही याचा त्यांनी विचार केला होता आणि आले नव्हते, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "साचा दुरुस्त कर. नवी झाकणं हवी तितकी काढ. पण कुठं काही लिहून जाणार नाही. दुकानदारांना पत्र नाही, काही नाही. एकदा लिहिलं की संपलं सगळं. तू पण संपशील, सही तुझी आहे."

मी मागच्या खोलीत गेलो. ठोकळा साच्यातून सोडवला, शिकंज्यात धरला आणि त्याच्या कडेवर कानस फिरवली. कड गोल झाली. मग तेलदगडानं ती गुळगुळीत केली. चकत्यांच्या कडा ब्लेडनं तिरप्या कापल्या की त्या गोलाईत नीट बसायला लागल्या. पहिलं झाकण काढून टाकीवर जीव खाऊन आवळलं, गळलं नाही. मी घड्याळ बघितलं होतं. कानशीचं काम वीस मिनिटांचं होतं.

मला वाटतं त्या दिवशी मी ठोकळा पुन्हा साच्यात बसवला नाही तोपर्यंत ठीक होतो. बसवल्यावर लेथच्या मागे जाऊन उलटी केली. लेथवाल्यानं पाणी आणून दिलं. "काकाचं दुःख हाय," तो दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी मी नव्या झाकणांची पिशवी घेऊन एसटीनं फिरायला लागलो. झरी, सेलू, देवगाव फाटा, गंगाखेड. दुकानात जायचं, कुणाकुणाला पंप विकले ते विचारायचं, मग त्या गावांत पायी. जुनं झाकण घ्यायचं, नवं द्यायचं. लोक विचारायचे, फुकट कामून देता? मी म्हणायचो, "नवीन नमुना आलाय, जास्त टिकतो." एकदाही मी खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर लोकांनी स्वतःहून झाकणं आणून दिली असती, शेजाऱ्याला सांगितलं असतं, मी पोचलो नाही तिथंही ते पोचलं असतं. हे तेव्हाही मला कळत होतं. पण सहीचं वाक्य कानात होतं. आणि आमच्यातला एक पोरगा कारखान्यात ड्रॉइंग करतो, त्याच्या झाकणानं माणूस मेला, हे वाक्य गावोगाव कसं बोललं जाईल तेही मला ऐकू येत होतं. ही सबब आहे की कारण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गंगाखेडजवळच्या एका वाडीत एका म्हाताऱ्या माणसानं पंप आणून दिला. झाकणाला तोच तडा, आणि तो कपड्याच्या साबणानं बुजवलेला. "लय दिस झाले," तो म्हणाला. "साबन लावला की थांबतंय." मी त्याची पाठ बघायला मागितली. तो हसला, पण सदरा वर केला. कातडी गुरासारखी जाड आणि काळी झाली होती. मी त्याला म्हणालो, आजोबा, पाठीवर जाड गोणपाट घेत जा, सांजच्याला अंग धूत जा. तो हो हो म्हणाला. परतीच्या बसमध्ये ते झाकण मांडीवर घेऊन बसलो होतो.

किती झाकणं परत आली आणि किती राहिली, मला माहीत नाही. पावसाळा संपला, फवारणी थांबली, आणि मीही थांबलो.

काकीला मी हिवाळ्यात सांगितलं. ती गावातच एकटी राहत होती, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होती. मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून बोटांतले काटे सुईनं काढत होती. सुकलेल्या बोंडांनी बोटांची टोकं फाटलेली होती.

"काकी, ते झाकण माझ्या हातचं होतं."

"ठाव हाय. तेच तर सांगत फिरायचे."

"तसं नाही." मी दोन्ही झाकणं काढली, जुनं आणि नवं. तिचं बोट धरून जुन्याच्या आतल्या कोपऱ्यावर फिरवलं, मग नव्याच्या. फाटलेल्या बोटाला धार लागली तशी तिनं हात मागं घेतला. मी म्हणालो, "असं गोल ठेवायला पाहिजे होतं. मी ठेवलं नाही. म्हणून फुटलं."

तिनं जुनं झाकण हातात घेतलं.

"तुला ठाव व्हतं, गोल ठिवायचं?"

"हो. शिकवलं होतं."

"मंग?"

मी चकतीचं सांगायला लागलो, रबराच्या पोत्याचं, मालक काय म्हणाले त्याचं. मध्येच माझं मलाच ऐकवेना, म्हणून थांबलो.

तिनं सुई लुगड्याच्या काठात टोचून ठेवली. "आदल्या रातीला घरी आले तव्हा मी म्हणले, सदऱ्याचा वास लय मारायलाय. तर मला म्हणले, बोलू नको कुठं. उद्या परभणीला जाऊन पोराला सांगतो, त्यो करून दिल." ती तोंड पुसून म्हणाली, "तो उद्या रविवार व्हता. तुजी सुट्टी असती म्हणून सोमवारी जातो म्हणले."

मी दोन्ही झाकणं उचलली.

"आता जा तू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काही दिस येऊ नको. आलास तर हे समदं त्यान्ला सांगावं वाटंल, आन् ते कुटं हायेत सांगायला."

मी दोन वर्षं गेलो नाही. वडिलांना तिनं काही सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत त्या शेतकऱ्याला दोष देत राहिले, आणि मी समोर बसून ऐकत राहिलो.

कारखान्यात मी आणखी चार वर्षं होतो. स्वस्तातले पंप बाहेरून यायला लागल्यावर मालकांनी पंप बंद केले आणि बादल्या, घमेली काढायला सुरुवात केली. झाकणाचा साचा एका व्यापाऱ्यानं बघितला आणि नेला. त्याच्याबरोबर मी माझा कागद दिला, गोलाई परत काढलेला, सही केलेला. नंतर मी स्वतःचं ड्रॉइंगचं काम घेतलं. गिऱ्हाईक म्हणायचं, एवढा कशाला विचार करता, बाटलीचं बूच तर आहे. मी म्हणायचो, त्यात काय भरणार ते आधी सांगा. काही जण वैतागून दुसरीकडे जायचे.

काकी पुढे तिच्या भावाकडे राहायला गेली. एका लग्नात ती भेटली. पंगतीत माझ्या बाजूच्या पाटावर येऊन बसली, वयानं वाकली होती. मुलंबाळं विचारली. मग विचारलं, "आता काय बनवतूस?"

"बादल्या. डबे. असंच."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात भात वाढायला सांगितला.